एकाच लाकडातून सकाळ, धुकं आणि रात्र: योशिदांच्या शिडाच्या होड्यांचं प्रकरण

हिरोशी योशिदा नावाच्या जपानी चित्रकाराची 'शिडाच्या होड्या' नावाची सहा प्रिंट्स आहेत, 1926 सालची, लाकडी ठशांची, म्हणजे कोरलेल्या लाकडी ब्लॉकला रंग लावून कागदावर छापलेली. सकाळ, दुपारच्या आधी, दुपारनंतर, धुकं, संध्याकाळ आणि रात्र. मी पहिल्यांदा त्यातली 'सकाळ' आणि 'धुकं' ही दोनच बघितली होती आणि मला वाटलं दोन वेगळी चित्रं आहेत, विषय तेवढा सारखा. मग सवयीने (माझा धंदा स्क्रीन प्रिंटिंगचा, लग्नपत्रिका नि व्हिजिटिंग कार्डं, त्यामुळे कुठलंही छापील काही दिसलं की डोळे आपोआप कडा नि रेषा तपासायला लागतात) शिडाच्या कडा बघितल्या, पाण्यातलं प्रतिबिंब बघितलं, आणि लक्षात आलं की अरे हे सगळं जिथल्या तिथे आहे, केसभरही हललेलं नाही. म्हणजे ब्लॉक तेच, बदललेत फक्त रंग. एकात उजेड पिवळाधमक होऊन आभाळभर पसरलेला, दुसऱ्यात सगळं राखाडी आणि मागच्या होड्या असून नसल्यासारख्या.

तर हे जमवलं कसं, कुठल्या परिस्थितीत जमवलं, त्याला पैसे कुणी घातले आणि यातलं जपानी किती नि पाश्चात्त्य किती, हे मी गेले काही महिने जमेल तसं वाचत होतो, ते सगळं एकदा लिहून काढतोय. लांबण लागेल.

आधी माणूस. जन्म 1876 चा, जपानच्या दक्षिणेला क्युशू बेटावर कुरुमे गावात. मूळ आडनाव उएदा, पण शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी पोराचा हात बघून त्याला दत्तकच घेतलं, तिथून तो योशिदा झाला. क्योटोत आणि मग टोक्योत शिकला, पण काय शिकला तर वॉटरकलर आणि ऑइल पेंटिंग, अगदी युरोपियन पद्धतीचं. म्हणजे हा माणूस काही लाकडी ठशांच्या परंपरेतून वर आलेला नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा नाहीतर पुढचं सगळं उलटं कळेल. 1899 मध्ये, तेविसाव्या वर्षी, मित्राला घेऊन बोटीने अमेरिकेला गेला, खिशात पैसे फक्त जाण्यापुरते. डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये योगायोगाने दोघांच्या वॉटरकलर्सचं प्रदर्शन लागलं आणि धडाधड विक्री झाली. नंतर 1903 ते 1907 परत अमेरिका, युरोप, या वेळी फुजिओसोबत, ती दत्तक घराण्यातली, स्वतः उत्तम चित्रकार, पुढे त्याची बायको झाली. चाळिशीपर्यंत तो जपानातला नावाजलेला लँडस्केप पेंटर होता आणि लाकडी ठशाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

आता त्या परंपरेबद्दल थोडंसं, कारण 'पारंपरिक जपानी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराची ती मोठी लाट येते आणि आपण समजतो हे शंभर टक्के शुद्ध देशी. तसं नाहीये. त्या लाटेतला निळा हा प्रशियन ब्लू, बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेला केमिकल रंग, जो जपानात 1830 च्या आसपास स्वस्त मिळायला लागला आणि सगळे त्यावर तुटून पडले. दूरचं लहान नि जवळचं मोठं दाखवायची युरोपियन पद्धत तर त्याच्याही आधी, नागासाकीच्या डच लोकांकडून आलेल्या पुस्तकांमधून शिरलेली. पुढे 1876 पासून कोबायाशी कियोचिका नावाच्या चित्रकाराने टोक्योच्या रस्त्यावरचे गॅसचे दिवे, आगी, चांदणं असले उजेडाचे खेळ ठशात करून बघितले. म्हणजे सरमिसळ आधीपासूनच चालू होती. योशिदाने पहिल्यांदा केली असं कुणी सांगत असेल तर ते चूक.

मग त्याने वेगळं काय केलं? जुन्या ठशात चित्राचा सांगाडा म्हणजे काळी रेघ. आधी काळ्या रेषेचा ब्लॉक, मग त्या रेषांच्या आत सपाट रंग भरायचे, आपल्याकडे रांगोळीत आधी रेघ ओढून आत रंग भरतात तसं. सावली जवळजवळ नाहीच. योशिदाच्या होड्यांमध्ये मात्र तुम्ही ती काळी रेघ शोधायला गेलात तर सापडत नाही. रेघ आहे, पण ती तपकिरी, करडी, कधी शेजारच्या रंगाचीच गडद छटा, त्यामुळे ती डोळ्याला टोचत नाही आणि वस्तू रेघेने नाही तर उजेडाने उभी राहते. चित्राची मांडणी बघाल तर अस्सल जपानी, समोर एक भलं मोठं शीड, मागे रिकामं पाणी आणि रिकामं आभाळ, फारसं काही घडतच नाही. पण उजेड सगळा वॉटरकलरवाल्याच्या डोळ्याचा.

आता मूळ प्रकरणाकडे.

1920 मध्ये वातानाबे शोझाबुरो नावाच्या प्रकाशकाने योशिदाला ठशांकडे आणलं. वातानाबे हा शिन हांगा, म्हणजे 'नवा ठसा' या चळवळीमागचा माणूस. त्याची पद्धत जुनीच होती: चित्रकार चित्र देणार, कोरणारा कोरणार, छापणारा छापणार आणि प्रकाशक पैसा घालून विकणार, आणि शेवटचा शब्द त्याचाच. आपल्या फिल्म इंडस्ट्रीत प्रोड्युसर असतो तसं. योशिदाने त्याच्याकडे मोजकीच चित्रं केली, आणि 1921 मध्ये हाच शिडाच्या होड्यांचा विषयही तिथेच पहिल्यांदा केला होता, त्यातही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळा होत्याच. म्हणजे बीज तेव्हाच पडलेलं.

आणि मग 1 सप्टेंबर 1923, दुपारी 11:58. कांतो भूकंप. जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या, लाकडी घरं, वारा सुटलेला. भूकंपापेक्षा आगीने जास्त खाल्लं, एक लाखाहून जास्त माणसं गेली. वातानाबेचं दुकान जळालं, छापलेला माल जळाला आणि योशिदाचे कोरलेले ब्लॉकही त्यात गेले. ज्याने कधी प्रेस चालवलाय त्यालाच कळेल की छापलेला माल जाणं एक आणि ब्लॉक जाणं वेगळं, माल परत छापता येतो हो, पण ब्लॉक गेले म्हणजे महिन्यांचं कोरीव काम गेलं.

योशिदाचं स्वतःचं घर वाचलं होतं. त्याने स्वतःची आणि आपल्या चित्रकार मंडळातल्या सहकाऱ्यांची चित्रं गोळा केली, कारण भूकंपाने सगळ्यांचीच वाट लागलेली, आणि विकायला अमेरिकेला निघाला, फुजिओ बरोबर. तिथे दोन गोष्टी घडल्या आणि माझ्या मते सगळं प्रकरण या दोन गोष्टींवर फिरतं. एक म्हणजे ऑइल पेंटिंग्जना म्हणावा तसा उठाव नव्हता पण ठसे लोक पटापट घेत होते. आणि दुसरं, त्याला दिसलं की अमेरिकेत जुन्या जपानी ठशांची एवढी क्रेझ आहे की बरेवाईट, फिकटलेले, सुमार दर्जाचेसुद्धा चढ्या भावाने जातायत. माणूस वैतागणारच ना! आपल्याच देशाची कला, आपण तिला मागासलेली समजून ऑइल शिकलो, आणि इथे लोक तिचा गाळसुद्धा डोक्यावर घेतायत.

1925 मध्ये तो परतला तेव्हा पन्नाशीला एक वर्ष कमी. त्याच्यापुढे तीन रस्ते होते. पहिला, परत वातानाबेकडे जायचं, तो पुन्हा उभा राहतच होता, पैशाची रिस्क त्याची, आपण नुसतं चित्र द्यायचं. दुसरा, त्या काळात सोसाकु हांगावाले होते, 'सर्जनशील ठसा' वाले, त्यांचं म्हणणं चित्रकारानेच काढायचं, त्यानेच कोरायचं, त्यानेच छापायचं, दुसऱ्याचा हात लागला की ती कला नाही. तिसरा, ठसे सोडून गपगुमान ऑइलकडे.

त्याने यातलं कुठलंच केलं नाही. स्वतःचा स्टुडिओ काढला, उत्तम कोरणारे नि छापणारे पगारावर ठेवले, आणि प्रकाशकाच्या खुर्चीत स्वतः बसला. नुसता बसला नाही, कोरणं आणि छापणं स्वतः हाताने शिकला, कारण त्याचं मत असं की कारागिराला सांगायचं असेल तर आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त यायला पाहिजे. मला हे इतकं पटतं की काय सांगू. आमच्याकडे डिझायनर लोक येतात, कॉम्प्युटरवर आठ रंगांचं ग्रेडियंट करून आणतात आणि म्हणतात दादा हे स्क्रीनवर असंच्या असं पाहिजे, आणि त्यांना स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) कुठल्या हातात धरतात ते माहीत नसतं.

आता जरा कामाच्या टेबलाशी जाऊ. ब्लॉक रानटी चेरीच्या लाकडाचे, कारण ते कडक असतं, बारीक रेघ तुटत नाही. प्रत्येक ब्लॉकच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या, एक कोपऱ्यात काटकोनात आणि एक सरळ, त्याला केन्तो म्हणतात. कागद दर वेळी या दोन खाचांना टेकवून ठेवायचा म्हणजे रंगावर रंग बरोब्बर बसतो. मशीन नाही, प्रेस नाही. रंग पाण्यातला, त्यात थोडी तांदळाची खळ, ब्रशने ब्लॉकवर लावायचा, वर हातकागद ठेवायचा आणि बारेन नावाच्या बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीने पाठीमागून घासायचं. जोर खांद्यातून. आभाळात वरून गडद खाली फिकट होत जाणारा जो निळा असतो तो बोकाशी, त्यासाठी ब्लॉकवर एका बाजूला पाणी आणि एका बाजूला रंग घेऊन दर वेळी हाताने पुसत पुसत उतार करायचा. दर वेळी म्हणजे प्रत्येक प्रिंटला. शंभर प्रिंट तर शंभर वेळा, आणि शंभरही सारखे दिसले पाहिजेत.

आणि खरी गोम कागदात आहे. छापताना कागद दमट लागतो, दमट कागद फुगतो, वाळला की आक्रसतो. पहिला रंग छापताना जेवढा ओला होता तेवढाच तो शेवटच्या रंगाला पाहिजे, नाहीतर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग बरोब्बर बसणं, गेलं. आमच्याकडे दोन रंगांच्या पत्रिकेत पावसाळ्यात गणपतीची सोनेरी आउटलाइन लाल रंगावरून पाऊण मिलिमीटर सरकते आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरून पैसे कापतं. योशिदाच्या प्रिंटला सरासरी तीस वेळा छापा पडायचा. तीस! 1937 च्या निक्को गावातल्या देवस्थानाच्या योमेई दरवाज्याच्या प्रिंटला तर 96. मी हा आकडा वाचला तेव्हा वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तीस कशाला लागतात? कारण त्याला वॉटरकलरसारखा पारदर्शक थरावर थर पाहिजे होता. त्याची एक युक्ती म्हणजे नेझुमी, शब्दशः उंदीर, उंदराच्या रंगाचा करड्याचा ब्लॉक. रंगांबरोबर करड्याचे थर द्यायचे, त्याने सावलीला खोली येते आणि भडक रंग थोडा शांत होतो. स्टुडिओत शिकलेल्या युरोपियन छायाप्रकाशाचं काम हा एक करडा ब्लॉक करतो, पण हत्यार बघाल तर शंभर टक्के जपानी, तेच चेरीचं लाकूड, तोच बारेन. हीच ती सरमिसळ, जी नुसतं 'पूर्व आणि पश्चिम यांचा सुरेख संगम' म्हणून सोडून दिली तर कळतच नाही.

आता सहा होड्या. एकच ब्लॉकचा संच ठेवून रंग बदलून वेगळी वेळ छापायची याला बेत्सुझुरी म्हणतात, वेगळी छपाई. कलासमीक्षक इथे लगेच फ्रेंच चित्रकार मोनेचं नाव घेतात, त्याने 1892 पासून फ्रान्समधल्या रूआँच्या चर्चची तीसेक चित्रं वेगवेगळ्या उजेडात केली. तुलना चुकीची नाही पण माझं थोडं वेगळं मत आहे. मोने प्रत्येक वेळी कोऱ्या कॅनव्हाससमोर उभा होता, त्याची रेघ दर वेळी बदलू शकत होती. योशिदाची रेघ लाकडात अडकलेली. एकदा कोरलं की सकाळलाही तीच आणि रात्रीलाही तीच, म्हणजे कोरायच्या आधीच त्याला सहाही वेळा डोक्यात दिसायला पाहिजेत, कुठली कड सकाळी लागेल पण धुक्यात नको असेल, रात्री होडीतल्या दिव्याचा पिवळा ठिपका कुठे पडेल. हे पेंटरचं डोकं नाही, हे छापणाऱ्याचं डोकं आहे.

आणि यात हिशोबही आहे, जो कलेच्या पुस्तकात कुणी फारसा लिहीत नाही. स्टुडिओ स्वतःचा, पगार स्वतःच्या खिशातून, कोरणं ही सगळ्यात महाग आणि वेळखाऊ गोष्ट. एका कोरीव कामातून सहा वेगळी विकण्याजोगी चित्रं निघाली तर? बरं, घेणारा एक घेऊन थांबत नाही, त्याला सेट पाहिजे असतो. मी असं म्हणत नाही की त्याने पैशासाठी केलं, उजेडाचं वेड त्याला आधीपासून होतंच, पण नव्याने धंदा काढलेल्या माणसाला ही गोष्ट सुचली नसेल असं मी तरी मानणार नाही. यात कमीपणा काय?

1926 हे वर्षच त्याचं तुफान गेलं. होड्या, जपानी आल्प्स नावाच्या तिथल्या डोंगररांगांची बारा दृश्यं, फुजीच्या दहा दृश्यांची सुरुवात. डोंगरवेडा होता, उन्हाळा आला की पाठीवर सामान टाकून डोंगरात, धाकट्या मुलाचं नावसुद्धा होताका शिखरावरून होदाका ठेवलं, तोही याच वर्षीचा. त्याच्या आधी 1925 मध्येच ग्रँड कॅन्यन, मॅटरहॉर्न, अथेन्स, स्फिंक्स असले परदेशी विषय छापून झालेले, त्यातही मॅटरहॉर्न नि स्फिंक्स दिवसा आणि रात्री, तेच ब्लॉक. ग्रँड कॅन्यन जपानी ठशात बघणं हा प्रकारच अजब आहे, डोकं म्हणतं अमेरिका, हात म्हणतो क्योटो.

टीका झाली, आणि काही बरोबरही आहे. सोसाकु हांगावाल्यांना तो कारागिरांकडून काम करून घेणारा वाटायचा. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. 1926 चा जपान म्हणजे कारखाने, आगगाड्या, भूकंपानंतर नव्याने उठणारं टोक्यो, आणि याच्या चित्रात काय तर शिडं, देवळं, धुकं. परदेशी गिऱ्हाइकाला जो जपान बघायचा होता तोच त्याने दिला. मला स्वतःला त्याची चेरीच्या फुलांची काही प्रिंट्स कॅलेंडरसारखी गोडगोड वाटतात. पण होड्या नाहीत, होड्यांमध्ये बघायचा विषय होडी नाहीच.

आपल्याकडचा धागा सांगतो. 1930 च्या शेवटी तो थोरला मुलगा तोशी याला घेऊन भारतात आला, आणि 1931-32 मध्ये भारत आणि आग्नेय आशियाची सिरीज छापली. बनारसचे घाट, कांचनजंगा, उदयपूर, अमृतसर, मदुराई आणि आपलं वेरूळ-अजिंठा पण. ताजमहालची तर सहा, त्यात सकाळचं धुकं आणि रात्र ही दोन एकाच ब्लॉकवरची. होड्यांवर शिकलेली विद्या संगमरवरावर चालवली. हे बघताना मला आपला रविवर्मा प्रेस आठवतो, 1894 मध्ये मुंबईत निघाला, मग मळवलीला गेला. तिथेही युरोपियन पद्धतीचं ऑइल पेंटिंग छापून घरोघरी न्यायचं होतं, पण आपण मशीन आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. योशिदाने डोळा तेवढा बाहेरून आणला, मशीन घरचंच ठेवलं. कुठलं बरोबर असं मी म्हणत नाही, रविवर्म्याची लक्ष्मी ज्या संख्येने छापली गेली ती बारेनने घासून कधी होणार होती!

निकाल काय लागला, तर 1930 मध्ये अमेरिकेत टोलीडोच्या म्युझियमने आधुनिक जपानी ठशांचं मोठं प्रदर्शन केलं, दहा कलाकार, आणि ते जमवण्यात योशिदाचा हात होता. 1950 मध्ये तो गेला तोपर्यंत अडीचशेच्या वर प्रिंट्स झाली होती. ब्रिटनच्या प्रिन्सेस डायानाच्या केन्सिंग्टन पॅलेसमधल्या ऑफिसच्या भिंतीवर त्याचं 'चमकता समुद्र' असायचं, ते पण 1926 चंच.

घ्यायचं असेल कुणाला तर डावीकडची मार्जिन बघा. तिथे जिझुरी असा शिक्का असतो, 'स्वतः छापलेलं', म्हणजे त्याच्या देखरेखीखाली छापलं असं समजा. तो गेल्यावर मुलाच्या स्टुडिओने त्याच ब्लॉकवरून परत छापलेली प्रिंट्स बाजारात आहेत, खोटी नाहीत, पण त्यावर जिझुरी नसतो आणि पेन्सिलच्या सहीऐवजी छापील सही असते, भावात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या एका मित्राने ऑनलाइन एक घेतलं, फोटोत विकणाऱ्याने मार्जिन कापूनच दाखवली होती. आल्यावर बघतो तर मार्जिन खरंच कापलेली.

मी काही घेतलेलं नाही, तेवढी ऐपतही नाही. पण लिनोच्या (लाकडाऐवजी कोरायला वापरतात त्या मऊ लिनोलियमच्या) तुकड्यांवर एक पुढची नि एक मागची होडी कोरली आणि त्याच ब्लॉकवरून चार वेगवेगळ्या वेळा छापून बघितल्या, पाण्याच्या रंगात, चमच्याच्या पाठीने घासून, चार ब्लॉक फक्त. संध्याकाळ सगळ्यात सोपी निघाली, नारिंगी लावा नि मोकळे व्हा. रात्र बरी. सकाळ ठीक. धुकं मात्र येईना, पहिल्यांदा नुसता मळका राखाडी आला, फिकट केलं तर होडीच गायब, पाणी वाढवलं तर कागदच फुगून रजिस्ट्रेशन गेलं. मग मागची होडी आधी नुसत्या पाण्याने ओल्या ब्लॉकवर रंगाचा वास लागेल एवढाच देऊन छापली आणि पुढच्या होडीला करड्याचे दोन हलके थर दिले, तर मागची जराशी मागे गेली. जराशीच. धुक्याचं ते पाचवं प्रिंट होतं. सहावं आत्ता रॅकवर पडलंय, दीडशे लग्नपत्रिकांच्या खालच्या कप्प्यात, वाळतंय.